स्वतःच्या तोंडाने

सोमवार, १ सप्टेंबर

मेस्त्रींना शनिवारी माती दिली. लिफ्टचं काम मला ज्यांनी शिकवलं, ते मेस्त्री. आम्ही दोघांनी इतकी वर्षं शेजारी बसून डबे उघडले, की त्यांच्या घरी काय शिजलंय हे मला त्यांच्याआधी वासावरून कळायचं.

दफनभूमीत पाळकांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी पुढे झालो, तोंड उघडलं, आणि नेहमीचंच झालं. 'मे' वर गाडी अडली. मे, मे, मे. मागे कुणीतरी खोकलं. तेवढ्यात ही पुढे आली, माझा कोपर धरला आणि म्हणाली, "ह्यांना म्हणायचंय, मेस्त्री ह्यांना वडिलांच्या जागी होते." लोकांनी माना हलवल्या. सुंदर बोलली. लग्न झाल्यापासून माझ्या वाटचं हीच बोलत आलीय, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

पण मला ते म्हणायचं नव्हतं. मी बोलायला लागलो की वडील घड्याळाकडे बघायचे. मेस्त्री कधीच बघत नसत. मला म्हणायचं होतं, की हा माणूस रोज सकाळी गच्चीवरच्या मोटरघरात टोपी काढून उभ्या उभ्या प्रार्थना करायचा, आणि 'तूही कर' असं मला कधी म्हणाला नाही. एकदाच, हाताचं ग्रीस पुसता पुसता म्हणाला होता, "अर्धा माणूस देवाला देऊन भागत नाही रे. अर्ध्याचं तो करणार काय?"

मी जन्माने ख्रिस्ती. रविवार चुकवत नाही. बसतो मात्र शेवटच्या बाकावर, दाराशी, म्हणजे आशीर्वाद संपला की कुणी 'काय, कसं काय' करायच्या आत बाहेर. दृढीकरणाच्या वेळी बाकीच्या पोरांनी स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली दिली. तेव्हाच्या पाळकांना माझी दया आली. म्हणाले, तू नुसती मान हलव. मी हलवली. तेव्हापासून माझी आणि देवाची ओळख मान हलवण्यापुरतीच राहिली.

कागदावर मी अडखळत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. आता पुरा माणूस द्यायचा. तोंडासकट.

रविवार, ७ सप्टेंबर

उपासना संपल्यावर हिला आणि लेकीला पुढे पाठवलं आणि पाळकांच्या खोलीत एकटा गेलो. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत मोठ्या माणसांना आपली कबुली नव्याने देता येते. समोर उभं राहायचं, पाळक विचारतील त्याची उत्तरं द्यायची आणि शेवटी चार शब्द आपले बोलायचे. मला त्यात उभं राहायचंय, एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला जिना उतरेपर्यंत सांगून झालं असतं. माझा घामाने शर्ट भिजला.

पाळक वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी माझं वाक्य पुरं केलं नाही. सगळे करतात, चांगल्या मनाने करतात. वाण्याकडे मी 'सा' म्हटलं की साबण, साखर, साबुदाणा सगळं काउंटरवर येतं. पाळक मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिले, बस यायची तेव्हा येईल असं मानणाऱ्या माणसासारखे.

मग म्हणाले, त्रास होत असेल तर मान हलवली तरी चालेल, त्याने कबुली कमी भरत नाही. मी म्हटलं, मान हलवून झालीय. हे वाक्य मात्र अख्खं बाहेर आलं. देवाला विनोद कळतो.

बुधवार, १० सप्टेंबर

हिला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले. मग म्हणाली, "देवाला तुमचं मन दिसतं. त्याला ऐकायला तोंड कशाला लागतं?" मी म्हटलं, त्याला नाही लागत, मला लागतं. ती म्हणाली, लोक हसतील. हसू देत, म्हटलं. "तुम्हाला हसतील आणि मी गायकवृंदात बसून ते बघू?" एवढं बोलून कणीक अशी काही तिंबली, की तिने काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

तिला माझी लाज वाटते. इतकी वर्षं कळलं नाही. तिचा दोष नाही. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते, दिवसभर दहा माणसांना बोलण्यात गुंडाळते, आणि नवरा हा असा. माझ्या ऑफिसचे फोन, बँक, शाळा, सगळं तीच बोलते. माझं वजन तिच्या जिभेवर आहे. ते उतरवलं तर तिलाही बरंच वाटेल. कळेल हळूहळू.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सरावाची जागा सापडली: मोटरघर. मोटर चालू असली की मला माझाच आवाज धड ऐकू येत नाही, आणि ऐकू आला नाही की जीभ थोडी सैल सुटते. कबुलीची वाक्यं मोठ्याने म्हटली. 'विश्वास' जमतो. 'पिता' जमतो, उडी मारून. 'प्रभू' मात्र जमत नाही. 'प्र' म्हणजे बंद दार. लोकांना वाटतं लिफ्टचा दोर तुटेल. दोर सहसा तुटत नाही. रोजची कटकट असते ती दारांचीच.

गुडघे टेकायला जागा नव्हती, म्हणून मेस्त्रींसारखी उभ्यानेच प्रार्थना केली. स्वच्छ मागितलं: ही जीभ मोकळी कर, तुझ्याच कामासाठी हवीय. यात माझा स्वार्थ नाही असं म्हणणार होतो, पण देवासमोर थापा नकोत. आहे. मला चारचौघांसारखं बोलायचंय.

मंगळवार, १६ सप्टेंबर

जीभ जिथल्या तिथे. रोज मागतोय, रोज तीच.

आज ऑफिसमधला फोन मुद्दाम मी उचलला. पलीकडच्या बाईंनी दोनदा 'हॅलो' केलं आणि लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिला. सुपरवायझर म्हणाले, "मौनी, तुला कुणी सांगितलंय नसते उद्योग करायला?" मौनी हे माझं कामावरचं नाव. नाव वाईट नाही. काही लोकांना त्यात अध्यात्म दिसतं.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेलो. मागे रांग होती. दुकानदाराने काही न बोलता कागद-पेन पुढे सरकवलं. मी औषधाचं नाव लिहिलं, पैसे दिले, आलो. साध्या कागदाच्या चिटोऱ्यापुढे हरलो. जेवलो नाही. हिने विचारलं तर मान हलवली.

खरं लिहितो. आज वाटलं, देवाने मला बोलायला बनवलंच नसेल, तर ही माझी भक्ती आहे की हट्ट?

बुधवार, १७ सप्टेंबर

हट्ट असेल तर असू दे. हट्टही त्याच्याच पायाशी ठेवतो. पुन्हा दुकानात गेलो, काही नको असताना. कापूस मागितला. दुकानदार पेन शोधत होता तेवढ्यात शब्द बोलून झाला. बराच वेळ लागला, पण झाला. घरी आता कापूस भरपूर आहे.

रविवार, २१ सप्टेंबर

लेक भूमिती करत बसली होती. म्हणाली, "बाबा, मला काहीतरी वाचून दाखव ना. माझा अभ्यास होतो, तुझा सराव." ती दहावीला आहे. लहान असताना तिला एकदाही गोष्ट सांगितली नाही. आईच सांगायची, मी दाराशी उभा राहून ऐकायचो. आज स्तोत्र वाचायला घेतलं. गाडी रखडत, धक्के खात चालली. तिने मान वर केली नाही. कंटाळली असावी बिचारी. एवढ्या वेळात वहीवर एकच वर्तुळ काढलं होतं आणि त्याच्यावरच पेन्सिल फिरवत होती. मध्ये थांबलो तर म्हणाली, पुढे वाच. संपल्यावर म्हणाली, उद्या पण.

अभ्यासात लक्ष नाही तिचं. हिला सांगायला हवं.

हिचंही काहीतरी बिनसलंय. भाजीत दोनदा मीठ पडलं. फोन पहिल्या घंटेला असा झडप घालून उचलते, की जणू कुणी पळवून नेणार आहे. रक्तदाब तपासून घ्यावा म्हटलं, तर "माझं काही बिघडलेलं नाही, ज्यांचं सगळं सुधारत चाललंय त्यांनी त्यांचं बघावं," म्हणाली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज नवल घडलं.

भांडी विसळताना हिने आपणहून कबुलीची पहिली ओळ म्हणायला सुरुवात केली. मीही तिच्याबरोबर म्हणायला लागलो आणि, काय सांगू, एकही धक्का नाही. 'प्रभू' सुद्धा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मंडळीबरोबर गाणी म्हणताना मी अडत नाही हे मला ठाऊकच आहे. पण दोघांच्या बोलण्यातही अडत नाही, हे आज कळलं. पहिलीपासून शेवटपर्यंत दोनदा म्हणून पाहिलं. लेक खोलीतून बाहेर येऊन बघायला लागली.

ही इतकी खुलली होती, की बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा तसा पाहिला. म्हणाली, "आपण दोघं उभे राहू. मी बरोबर म्हणेन, हळू आवाजात. कुणाला कळणारही नाही."

हेच मागत होतो ना? जीभ मोकळी करण्याचा हा मार्ग देवाने दिला नसेल कशावरून? जड जिभेच्या माणसाला बोलणारा सोबती देणं त्याला नवीन नाही, पवित्र शास्त्रातच आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दिवसभर तेच डोक्यात. लोक म्हणतील, बघा, प्रभूने कशी जीभ सोडवली. मीही मान डोलावीन. आणि सोमवारी ऑफिसात फोन वाजला की ती चमत्काराची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटेल.

पाळकांना विचारायला गेलो. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही नाही. फक्त विचारलं, "तुमच्या कबुलीत तुमचा आवाज कुठला, हे तुम्हाला ओळखू येईल का?"

परत येताना ठरवलं. मोडका तर मोडका, माझा आवाज. त्याने मला या जिभेसकट बोलावलंय. दुरुस्त होऊन ये असं म्हटलेलं नाही.

हिला सांगितलं. वाटलं होतं भांडेल. ती भांडली नाही. "बरं," म्हणाली, आणि आत जाऊन कपाट आवरायला बसली. कालच आवरलेलं होतं ते.

मंगळवार, ३० सप्टेंबर

थकलोय, पण लिहायलाच हवं.

एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई एकटी, दिवाही गेलेला. मी पोचलो तेव्हा ती दार बडवत होती. अशा वेळी मी काम करतो आणि बोलायचं काम रखवालदाराचं. आज रखवालदार वरच्या मोटरघराची किल्ली आणायला पळाला होता. दाराच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती. तिला श्वास मिळत नव्हता. दोर तुटणार, दोर तुटणार, हेच चाललेलं.

लिफ्टचं काम पुढे सरकायला किल्ली लागणार होती. तोवर माझ्या हातात काहीच नव्हतं, तोंडाशिवाय.

म्हटलं, देवा, आता.

दाराच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणालो, मी मेकॅनिक आहे, दोर तुटत नाही. हे म्हणायला जो वेळ लागला तो लागला. आतलं बडवणं थांबलं. मग तिने विचारलं, "तुम्हाला पण भीती वाटतेय का?"

"नाही," मी म्हणालो. "मी असाच बोलतो."

ती हसली की रडली, कळलं नाही. पण म्हणाली, बोलत राहा, काहीही बोला. काहीही म्हणजे काय बोलायचं माणसाने? आयुष्यात मला असं कुणी सांगितलं नव्हतं. मग मेस्त्रींबद्दल बोललो. ते मला कामावर कसे घेऊन आले, पहिल्याच दिवशी माझा पाना खाली शाफ्टमध्ये पडला तेव्हा कसे हसले, मोटरघरात टोपी काढून कसे उभे राहायचे. 'प्रार्थना' या शब्दावर अडलो. 'प्र' वर गाडी रुतली ती रुतलीच. आतून काही आवाज नाही. मला वाटलं, बाईला चक्कर आली. शब्द एकदाचा सुटला तेव्हा आतून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग म्हणाली, "माझ्यासाठी कराल का?" आणि मी केली. मोठ्याने, जिन्यात, येणारे-जाणारे थांबून बघत असताना. कधी संपली ते कळलं नाही. किल्ली आली, वर गेलो, हाताने लिफ्ट मजल्याला लावली, दार उघडलं.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. पाणी प्यायली. म्हणाली, तुमचा शब्द यायची वाट बघता बघता माझा श्वास ताळ्यावर आला. झरझर बोलणारा कुणी असता तर मी आणखी घाबरले असते.

त्या जिन्यात मला काय झालं, नीट सांगता येत नाही. जी जीभ बदलून दे म्हणून मी इतके दिवस भांडत होतो, तीच त्याने आज जशीच्या तशी वापरली. आजपासून जीभ बदलून मागणार नाही. धीर मागेन.

घरी हिला सगळं सांगितलं, मी स्वतः, पहिल्यापासून. तिने मध्ये एकही शब्द घातला नाही. शेवटी विचारलं, "परक्या बाईशी इतकं बोललात?" मी हो म्हटलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल.

शनिवार, ४ ऑक्टोबर

उद्या. लेकीने माझ्या बुटांना पॉलिश केलं, न सांगता. हिने पांढरा शर्ट काढून ठेवला, कॉलरचं बटण घट्ट शिवलं आणि दोरा दाताने तोडताना एवढंच म्हणाली, "गळ्याशी सैल ठेवते. श्वासाला बरं."

रविवार, ५ ऑक्टोबर

झालं. जसं झालं तसं लिहितो.

आम्ही चौघे उभे होतो, मी शेवटचा. तिघांचं पाणी वाहावं तसं झालं. पाळकांनी मला पहिला प्रश्न विचारला. उत्तर आलं. दुसऱ्याचंही आलं, ठेचकाळत. मग, येशू ख्रिस्ताला तुम्ही आपला कोण मानता? आणि 'प्र' चं दार बंद.

ओठ मिटलेले, मान ताठ, डोळे मिटायला लागले. पहिल्या बाकावरच्या एका आजोबांना राहवलं नाही, त्यांनी 'प्र...' असं सुरू केलं आणि शेजारच्या आजींनी त्यांना कोपराने ढोसलं. मी गायकवृंदाकडे पाहिलं. ही उभी होती. तिचे ओठ माझ्यासारखेच मिटलेले, शब्द धरून. एक श्वास घेतला असता तर तो बाहेर पडला असता, आणि तिच्यामागून माझाही, सहज. मला तेव्हा तो हवा होता, खोटं कशाला बोलू. पण तिने हात वर उचलला आणि तळवा स्वतःच्या तोंडावर गच्च दाबून धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी हात काढला नाही.

मी मनात म्हटलं, तू धर मला. तिला नाही, देवाला. आणि म्हणालो, "प्रभू." तीन तुकड्यांत. पण म्हणालो. माझा प्रभू आणि माझा तारणारा.

शेवटचे चार शब्दही बोललो, चाराचे चाळीस झाले. हसलं कुणीच नाही. आशीर्वादानंतर दाराकडे गेलो नाही, उभा राहिलो. लोक येऊन हात मिळवत होते. बोलणं इतकं दमवतं हे मला ठाऊक नव्हतं; ही रोज कशी करते?

दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली. आम्ही दोघंच. हिने ताटं घेतली, बसली, आणि जेवेना. मी विचारलं, तुला माझी लाज वाटली का? सरळ विचारलं; आज विचारता येत होतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "लाज?" म्हणाली. मग म्हणाली, "आता माझं काय काम?"

कणीक, मीठ, आवरलेलं कपाट, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी गाढवच; गाढव व्हायला अडखळावं लागत नाही.

मग म्हणालो, तुझं तू सांग. माझं नको. तुला काय म्हणायचंय?

दिवसभर बोलणारी ही बाई, तिला सुरुवात सापडेना. दोनदा तोंड उघडून मिटलं. पदराशी चाळा केला. मग तुटक तुटक सांगायला लागली. परिचारिकेच्या शिक्षणाचे संध्याकाळचे वर्ग असतात. लेक शाळेत जायला लागली तेव्हाच तिला तिथे नाव घालायचं होतं. अर्जही आणला होता. पण संध्याकाळी माझ्या कामाचे फोन यायचे, ते कोण घेणार, म्हणून तो चुलीत घातला. मला सांगितलं नाही. सांगून काय, तुम्ही मान हलवली असती, म्हणाली. रागाने नाही म्हणाली. ते वर्ग अजूनही चालू आहेत. ती दवाखान्यात येणाऱ्या मुलींना त्यांचा पत्ता सांगत राहिली. आता वय झालंय. आणि आता सवय पण झालीय, माझ्या वतीने बोलायची. स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की शब्दच सापडत नाहीत.

अन्न गार झालं. मला एकच शब्द म्हणायचा होता. छोटासा, एका अक्षराचा. आणि 'ज' वर मी अडलो. ओठ उघडे, दात आवळलेले, आवाज नाही.

तिला तो शब्द कळला होता. तिच्या डोळ्यांत दिसत होतं, की कळलाय. इतकी वर्षं कळत आलाय. ताटातला घास तसाच हातात धरून ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली, आणि तिने तो शब्द माझ्याकडून घेतला नाही. मी तो देईपर्यंत थांबली.

"जा," मी म्हणालो.